संगणकाच्या पोटातला संगणक

इमारतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक मी एका मतानं जिंकलो आणि ते मत माझं स्वतःचंच होतं, असं अबू मुतसिम सगळ्या जबल हुसैन मोहल्लाभर सांगत फिरला. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं बोलण्याचीही एक रीत असते. हा गृहस्थ इतकी वर्षं अध्यक्ष होता की घरात त्याची बायकोसुद्धा त्याला 'रईस', म्हणजे अध्यक्ष, म्हणायची. हरल्यावर त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. जिन्यात समोरासमोर आलो की भिंतीला सलाम करायचा आणि पुढे जायचा.

पदभार मात्र त्यानं चोख दिला. गच्चीची किल्ली, शिडी, उंदराचा पिंजरा, जिन्यातले जादा दिवे आणि समितीच्या खोलीतला संगणक. एकेका वस्तूवर हात ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता विचारायचा, "मिळाली?" मी म्हणायचो, "मिळाली." संगणकालाही मी ऐटीत "मिळाला" म्हणालो. तिथेच फसलो. जो संगणक मला मिळाला होता त्याच्या पोटात आणखी एक संगणक होता, आणि तो मला मिळाला नव्हता.

हे जरा नीट सांगतो. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. डोळे मिटून नकाशावर बोट ठेवायला सांगा, बैकल सरोवर दाखवीन. पण एका यंत्राच्या आत दुसरं यंत्र असतं, आणि ते एकाला दिसतं अन् दुसऱ्याला दिसत नाही, हे कुठल्याच भूगोलात नव्हतं.

आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं. आमच्या गल्लीचा वार मंगळवार. अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या सुमाराला नळ खोकायला लागतो, तळघरातली टाकी भरते आणि तिथून पंप ते गच्चीवर चढवतो. गच्चीवर प्रत्येक घराची आपापली टाकी. कुणाला आधी, कुणाला नंतर, किती, हे ठरवणारी एक पेटी पंपाला लावलेली आहे. पूर्वी तिथे साधं बटण होतं. पण बटण ज्याच्या हातात त्याची टाकी भरलेली, असा प्रकार व्हायला लागला आणि एकदा दोन सख्खे भाऊ त्या बटणापायी एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा ते काढून ही पेटी आणली. पेटी निःपक्षपाती आहे, पण तिला हुकूम देणारा प्रोग्राम इतका जुनाट की तो फक्त आदिम काळातल्या विंडोजवर चालतो. तो जुना संगणक वारला. नव्यावर प्रोग्राम चालेना. तेव्हा अबू मुतसिमची मुलगी लमीस, जी संगणकाची इंजिनीयर आहे, तिनं नव्या संगणकात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं. म्हणजे नव्या यंत्राच्या आत एक जुनं यंत्र आहे असं सोंग. सोंग इतकं हुबेहूब की पेटीलाही कळत नाही.

संगणक सुरू केला की पडद्यावर दोन नावं येत. एक 'लमीस' आणि दुसरं 'समिती'. लमीसच्या नावाला पासवर्ड होता. समितीच्या नावाला नव्हता, कारण समितीजवळ चोरण्यासारखं काही नसतं. मी अध्यक्षाच्या रुबाबात समितीच्या खात्यातून आत शिरलो, यंत्रांचा प्रोग्राम उघडला आणि बघतो तर काय, पाटी कोरी! एकही मशीन नाही. 'नवीन मशीन बनवा' असं एक आमंत्रण तेवढं होतं.

मी हबकलो. माझ्या हाती सत्ता येते न येते तोच मशीन पळालं?

"पळालं कुठे, आतच आहे," तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य डॉक्टर नझीह म्हणाले. हे आमच्या समितीचे सचिव. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते दातासारखं बघतात. "ते लमीसच्या खात्यात बनवलंय ना अबू रकान, म्हणून तिच्याच खात्यात दिसतं. तुमच्या खात्याला पत्ताच नाही त्याचा. वरून दिसत नाही, मूळ आत आहे."

"मग काढा की."

"काढायचं नाही हो, पोचायचं. आपण फाइल शोधू."

शोधली. सापडलीसुद्धा! लमीसच्या नावाचा एक कप्पा होता आणि त्या कप्प्यात ते मशीन असणार हे उघड होतं. मी त्यावर टिचकी मारली. संगणक म्हणाला, तुम्हाला इथे परवानगी नाही. मी पुन्हा मारली. पुन्हा तेच. मी, या इमारतीचा रीतसर निवडून आलेला अध्यक्ष, समितीच्या पैशातून घेतलेल्या, समितीच्या टेबलावर ठेवलेल्या, समितीची वीज खाणाऱ्या यंत्रासमोर बसलो होतो आणि ते मला परवानगी नाही म्हणत होतं. शाळेत एखादं पोरगं असं बोललं असतं तर त्याच्या बापाला बोलावलं असतं. इथे कुणाला बोलावणार?

बाप तळमजल्यावरच होता, म्हणा. पण त्याच्याकडे मी जाणार नव्हतो.

मी निरोप पाठवला. पहारेकऱ्याच्या हाती उत्तर आलं: "पदभारात एक संगणक लिहिला होता. एक संगणक दिला. पोटातल्याची नोंद नाही."

"अहो, मग त्या लमीसलाच विचारा ना," मी घरी येऊन कुरकुरलो तेव्हा बायकोनं, म्हणजे उम्म रकाननं, असं म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. तिनं अगदी उलट सांगितलं. "खबरदार! बापाशी बोलणं बंद आणि तुम्ही त्याच्या उपवर मुलीला परस्पर गाठणार? लोक काय म्हणतील? उद्या ती अमक्याकडे गेली तमक्याशी बोलली असं उठलं तर? आपल्या घरातही लग्नाचा मुलगा आहे."

आमचा मुलगा रकान तिथेच बसून फूलमध्ये, म्हणजे शिजवून घोटलेल्या वालांत, पाव बुडवत होता. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं की त्याला ऑफिसात तातडीचं काम निघतं. तो स्वतःही संगणकावरच काहीतरी करतो. मी त्याला म्हटलं, "तू बघ की रे जरा."

"मालकाच्या परवानगीशिवाय नाही होत बाबा," तो म्हणाला आणि त्याला ऑफिसात तातडीचं काम निघालं.

मंगळवार उजाडला. सकाळपासून बायका कपड्यांचे ढीग काढून बसलेल्या. चौथ्या मजल्यावर गालिचे धुवायला काढलेले. मी पाण्याचा वार पुढे ढकलता येतो का ते विचारायला कचेरीत गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं शांतपणे विचारलं, "पाणी येत नाही अशी तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही, येतं. येऊ नको म्हणायचंय." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तसाच माघारी फिरलो. या शहरात पाणी नको म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

शेवटी डॉक्टर नझीहनी हत्यार उपसलं. समितीचं खातं म्हणे या संगणकावर वरिष्ठ आहे. वरिष्ठानं ठरवलं तर कुठल्याही कप्प्याची मालकी आपल्या नावावर करता येते. "पण मी सांगतो तसं करा, अबू रकान. मूळ मशीनला हात लावायचा नाही. त्याची नक्कल आपल्या खात्यात आणायची. म्हणजे तिचं तिला, आपलं आपल्याला."

आम्ही समितीच्या खोलीला आतून कडी घातली, कारण बाहेर सल्लागारांची गर्दी झाली होती. कुणी म्हणे बंद करून चालू करा, कुणी म्हणे पंखा साफ करा, एक म्हातारी कुराणातली आयत म्हणून फुंकर घालायला तयार होती. रकानही दार ठोठावत होता. मी आतून ओरडलो, "तुझ्या ऑफिसात काम नाही का आज?"

मालकी आली. नक्कल होऊ लागली. ती होता होता नळ खोकायला लागला. आणि अखेर माझ्या खात्यात, माझ्या नावाखाली ते मशीन उमटलं! मी 'सुरू करा' दाबलं. काळ्या पडद्यातून ती जुनी विंडोज उगवली, ती हिरवी टेकडी, ते निळं आभाळ. डॉक्टरांनी मला मिठी मारली. मी प्रोग्राम उघडला आणि पंप सोडला. खाली तळघरात घरघर झाली. बाहेर टाळ्या पडल्या. एका बाईनं तर आनंदानं जिभेचा तो लांबलचक लुलुलु केला.

पाणी चढलंच नाही.

गच्चीवर बायका टाक्यांवर कान लावून उभ्या. टाक्या ठणठणीत. पंप तर जोरात चाललेला. मग पाणी जात होतं कुठे? पहारेकरी धावत आला आणि मला ओढत खाली घेऊन गेला. तळमजल्यावर अबू मुतसिमची बाग आहे. चार लिंबं, थोडा पुदिना, कुंपणावर जाई. त्या बागेत तळं झालं होतं. सबंध इमारतीचं आठवड्याचं पाणी लिंबांच्या बुंध्यांशी खळाळत होतं आणि अबू मुतसिम विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच भिंतीऐवजी माझ्याकडे. मी परत फिरलो.

झालं होतं असं, की आम्ही आणलेली नक्कल जागी झाली ती आज नव्हे, तर कधीतरी मागे, लमीसनं पहिल्यांदा मशीन बनवलं त्या दिवसात. ती अवस्था तिनं जपून ठेवली होती आणि डॉक्टरांनी नेमकी तीच उचलली. त्या दिवशी तिनं पंपाची चाचणी घेताना, कुणाची टाकी फुटू नये म्हणून सगळं पाणी बापाच्या बागेकडे वळवलं होतं. ते बदलायला गेलो तर आतल्या जुन्या विंडोजनं लमीसचा पासवर्ड मागितला. संगणकाच्या पोटातल्या संगणकालाही त्या मुलीचीच ओढ!

"मूळ सडलंय," डॉक्टर पुटपुटले.

तो आठवडा कसा गेला ते मी शत्रूलाही सांगणार नाही, आणि शत्रूला तर सांगायची गरजच नव्हती, त्याच्या लिंबांना नवी पालवी फुटली होती. लोकांनी टँकर मागवले. गालिचेवाली बाई जिन्यात मला बघून जोरात म्हणायची, "अल्ला ज्याला चेहरा देतो त्याला लाज देत नाही." समितीच्या बैठकीत ठराव आला की पुढच्या मंगळवारी पाणी चढलं नाही, तर अध्यक्षांनी राजीनामा द्यावा. ठराव मांडणारे होते डॉक्टर नझीह. म्हणाले, "माझा व्यक्तिशः विरोध आहे, पण सचिव म्हणून वाचावं लागतं."

मला झोप लागेना. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाला कुणी काही विचारत नाही. जिन्यातला दिवा गेला तर लोक मला सांगतात, एवढीच माझी कमाई होती. ती जाणार होती, आणि जाणार होती ती तळमजल्यावरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

अशा वेळी रकान जेवणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, जाहा घेऊन जा."

मी घास हातात धरून राहिलो. जाहा! म्हणजे मानाच्या माणसांची मंडळी. आमच्याकडे गोष्ट अवघड असेल, खून माफ करून घ्यायचा असेल, तुटलेलं जोडायचं असेल, तर चार वडीलधारे पुढे घालून लोक दारात जातात. यजमान कॉफीचा पेला पुढे ठेवतो. पुढारी पेल्याला हात लावत नाही. आधी मागणं मांडतो. यजमान "कॉफी घ्या" म्हणाला की मागणं मंजूर. पेला तसाच गार झाला तर यजमानाची सात पिढ्यांची अब्रू जाते.

"मशीनसाठी जाहा?" मी म्हटलं.

"बाराच्या बारा घरांचं पाणी आहे बाबा. आणि दारात आलेल्या मंडळींना ते नाही म्हणायचे नाहीत."

इतकं लांब वाक्य माझ्या मुलानं कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. मला गहिवरून आलं. बाप अडचणीत आला की पोरगं कसं जबाबदार होतं, असं मी उम्म रकानला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "हो ना," आणि ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

पुढारी म्हणून हाजी मिजहिमना गाठलं. जबल हुसैनातली कुठलीच जाहा त्यांच्यावाचून निघत नाही. वय किती ते त्यांनाही माहीत नाही. मी त्यांना तीनदा समजावलं: अबू मुतसिमच्या मुलीच्या खात्यात एक मशीन आहे, ते माझ्या खात्यातून उघडायला परवानगी हवी. हाजींनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलीचं नाव काय म्हणालास?"

"लमीस. पण मुलीचं नाही, मशीनचं—"

"कळलं, कळलं. मी बोलतो. तू गप्प बसायचं."

हाजींना सवड फक्त मंगळवारीच होती. म्हणजे पाण्याच्याच दिवशी. मी म्हटलं बरंच झालं, तिथल्या तिथे परवानगी घेऊ, लमीसला वर आणू, पाणी यायच्या आत मशीन उघडू. करायला जावं एक, अशी माझ्या आयुष्याची कथाच आहे, पण त्या दिवशी मला ती आठवली नाही.

मंगळवारी मी खोलीतून बाहेर आलो आणि थबकलो. उम्म रकाननं नवा पोशाख घातला होता. हातात बांगड्या, गळ्यात तिच्या आईची सोन्याची माळ.

"पासवर्ड मागायला?" मी म्हटलं.

"मग लोकांच्या घरी काय ओट्याचं फडकं खांद्यावर टाकून येऊ? मी बायकांत बसते. तुमचं काय ते पुरुषांत चालू द्या."

खाली आलो तर रकान टाय लावून उभा. दाढी गुळगुळीत, अत्तराचा घमघमाट. डॉक्टर नझीहच्या हातात मिठाईचं भलं मोठं खोकं. उम्म रकानचे तिन्ही भाऊ. त्यांतला थोरला मेहुणा तर लांब इरबिद शहराहून आला होता! मी त्याला विचारलं, "तू कशाला? तुमच्याकडे पाणी नाही का?" तो म्हणाला, "आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहायला नको?" मला वाटलं, बघा, पाण्यासाठी देश कसा एक होतो.

अबू मुतसिमनं दार उघडलं तेव्हा मला पुन्हा धक्का बसला. त्यानं मला मिठी मारली. दोन्ही गालांचे मुकेही घेतले. बैठकीत भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारून आणलेल्यासुद्धा. त्याच्या बाजूचेही वडीलधारे बसले होते. मला वाटलं, एका यंत्राच्या चावीसाठी हा माणूस साक्षीदार जमवून बसलाय, किती तो काटेकोरपणा!

वेलदोड्याची कडू कॉफी आली. पहिला पेला हाजी मिजहिमच्या पुढे ठेवला. हाजींनी तो उचलून जमिनीवर ठेवला आणि घसा खाकरला. खोली शांत झाली. मी घड्याळाकडे बघितलं. नळ खोकायला फार वेळ उरला नव्हता.

"अल्लाची स्तुती असो," हाजींनी सुरुवात केली, "ज्यानं माणसांना जोडीनं निर्माण केलं."

मला वाटलं, संगणकाच्या पोटात संगणक, जोडी म्हणायला हरकत नाही. प्रस्तावना चांगली होती.

"अबू मुतसिम, आम्ही तुमच्या उंबऱ्याशी आलोय ते तुमच्या घरातलं जे मोलाचं, जे तुम्ही जपलंत, वाढवलंत, ते मागायला." मी मान डोलावली. "तुमची गुणी कन्या लमीस, आमच्या रकानसाठी, अल्लाच्या आणि त्याच्या पैगंबराच्या रीतीनं आम्ही मागतोय."

मी हाजींचा अंगरखा ओढला. हाजींनी माझा हात झटकला. मी पुन्हा ओढला. म्हातारा आयुष्यभर मुलीच मागत आला आहे, सवयीनं जीभ घसरली, असं मला वाटलं. मी कुजबुजलो, "हाजी, मशीन! मशीन!"

"कॉफी घ्या हाजी," अबू मुतसिम भरल्या आवाजात म्हणाला. "लमीस तुमची झाली."

आतून लुलुलु उठलं. माझ्या मेहुण्यानं मला मिठी मारली. डॉक्टरांनी मिठाईचं खोकं फोडलं. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हटलं, "पण—"

सगळे थांबले. सगळ्यांचे पेले हातात. सगळे माझ्याकडे बघतायत. 'पण मी मशीनसाठी आलोय' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर तयार होतं. खरं वाक्य होतं. ते बोललो असतो तर पाणी, अध्यक्षपद, सगळंच कदाचित वाचलं असतं. तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा जरासा हलला आणि मला लमीस दिसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या आईनं तिचा हात घट्ट धरला होता.

उद्या सबंध जबल हुसैन हसलं असतं: लमीसला मागायला आले म्हणून बापानं हो म्हटलं आणि ते तर पंपासाठी आले होते! मुलगे असल्या गोष्टीतून सुटतात. मुलींना लोक सोडत नाहीत. आणि माझं काय जाणार होतं? एक खुर्ची.

"पण कॉफी गार होतेय," मी म्हटलं आणि खाली बसलो. पेला एका घोटात संपवला. जीभ पोळली. मग सगळ्यांनी तळवे पसरून फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, म्हटली आणि गोष्ट पक्की झाली.

अबू मुतसिम माझ्याजवळ येऊन बसला. डोळे पुसत म्हणाला, "मी तुझ्या माघारी फार बोललो रे. पण गेल्या मंगळवारी तू सगळ्या इमारतीचं पाणी माझ्या बागेत सोडलंस, स्वतःची टाकी कोरडी ठेवून, लोकांच्या शिव्या खाऊन. तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हा माणूस काहीतरी मागायला येणार. आणि जे मागेल ते द्यायचं."

मी रिकामा पेला पुन्हा ओठाला लावला. त्याला वाटलं मी विनयानं गप्प आहे.

मग मी माझ्या मुलाकडे बघितलं. न विचारता त्याचं लग्न ठरलं होतं. बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल! रकान मिठाई खात होता. त्याला धक्का बसलेला नव्हता. आणि त्याला बसला नव्हता हे बघून मला जो बसला, तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा.

मी त्याला सज्जात ओढलं. "तुला माहीत होतं?"

"आईलाही."

"हाजींना?"

"आई परवा मिठाई घेऊन गेली होती त्यांच्याकडे."

"मेहुण्याला? डॉक्टरांना?" त्यानं टायची गाठ सैल केली. म्हणजे सगळ्यांना. आत इतकी माणसं बसली होती आणि त्यांतला एकटा मी पाण्यासाठी आलो होतो!

"बाबा, तुमचं आणि त्यांचं बोलणं बंद. आम्ही दोन वर्षं वाट बघतोय. तुम्ही आपण होऊन त्या दारात कशाला गेला असता?"

"अरे पण पाणी! बाहेर लोक टाक्यांवर कान लावून बसले असतील!"

"पंप मी दुपारीच लावून आलोय. सगळ्यांच्या नंबरानं चढेल."

"कसा?"

"लमीसच्या खात्यातून." त्यानं आवाज खाली घेतला. "पासवर्ड मला आधीपासून माहीत आहे. तिच्या बाबांना सांगू नका."

"आणि गेल्या मंगळवारी तुझी ही विद्या कुठे गेली होती?"

"दार कोण ठोठावत होतं मग?"

मी सज्जाचा कठडा धरून उभा राहिलो. आठ दिवस मी टँकरच्या पाण्यानं तोंड धूत होतो आणि किल्ली माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्यासमोर फूल खात बसलेली होती. वर गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "अबू रकान झिंदाबाद"ही ओरडलं. मला त्यात काही गोडी वाटली नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

दोन दिवसांनी लमीस समितीच्या खोलीत आली. मी संगणकासमोर बसलो होतो आणि कोऱ्या पाटीकडे बघत होतो. रकानही तिच्या मागोमाग आला. ठरल्यापासून त्याला ऑफिसात काम नसे.

"तुम्ही उठा बाबा, मी दाखवतो," तो म्हणाला. लमीसच्या नावावर टिचकी मारून त्यानं झोकात पासवर्ड टाकला. संगणकानं चूक म्हटलं. पुन्हा टाकला. पुन्हा चूक. त्यानं लमीसकडे बघितलं.

"बदलला," ती म्हणाली.

"कधी?"

"फातिहा झाल्यावर. लग्न ठरलंय, आता तुला माझ्या खात्यात काय काम?"

त्याच्या तोंडाचा आ झाला. मला जरा बरं वाटलं.

लमीसनं त्याला बाजूला सारलं आणि खुर्चीत बसली. बोटं भराभर चालली. मशीन तिच्या खाजगी कप्प्यातून काढून तिनं दोघांना सामाईक अशा जागी ठेवलं, माझ्या खात्याला तिथली परवानगी दिली, माझ्या पाटीवर त्याची नोंद केली. जेवढ्या वेळात चहात मरमियाच्या सुवासिक पाल्याचा वास उतरतो तेवढाही वेळ लागला नाही. मग उठून तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"या काका. बसा."

"अगं, पण मी तर तुझा कप्पा उघडून सगळं पाणी लिंबांना..."

"त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात," ती म्हणाली. "तुम्ही कशासाठी आला होतात ते मला माहीत होतं. मला वाटलं, आता बोलणार. आणि तुम्ही खाली बसलात. काका, मी पडद्यामागे होते. मी विसरणार नाही."

मी बसलो. माझ्या खात्यात, माझ्या नावाखाली ते मशीन दिसत होतं. मी टिचकी मारली. उघडलं! मला चक्क रडू आलं, ते मी चष्मा पुसण्यात निभावून नेलं. इतकी वर्षं घरात मुलगी नव्हती, ती एकदम आली आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, हे मी उम्म रकानला अजून सांगितलेलं नाही.

"आणि माझं काय?" मागून रकान म्हणाला. "मला नको का परवानगी?"

"तुझं बघू," लमीस म्हणाली. "तू अर्ज कर."

मीही अध्यक्ष या नात्यानं लगेच स्पष्ट केलं, की अर्ज आल्यास त्यावर विचार पुढच्या बैठकीत होईल.